सुमन आरवला

सुमन आमच्या घरी आली तेव्हा ती होती. एवढं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे व्याकरणाचा भरवसा देता येणार नाही.

वडगावच्या बाजारातून मी चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. दीड महिन्याच्या, अंगावर निम्मी पिसं, निम्मी लव. विकणाऱ्या मामांनी एकेकीला उलटी धरून, शेपटीखाली फुंकर मारून तपासलं आणि सांगितलं, “चारीबी माद्या हैत सायेब. त्यातनं नर निगाला तर घिऊन या, फुकट कापून देतो.” गॅरंटी कार्डाचा हा प्रकार मला तेव्हा विनोदी वाटला होता.

बायकोने नावं ठेवली: सुमन, कुसुम, मालन आणि शालन. ही तिच्या चार आत्यांची नावं आहेत. आत्यांशी तिचं फारसं जमत नाही, एवढं सांगून मी तो विषय सोडतो.

आमची कॉलनी कोल्हापुरात कळंबा तलावाच्या बाजूची. बंगल्याला बंगला खेटून, आणि प्रत्येक बंगल्यामागे आठ फुटांची मोकळी जागा. तिला आम्ही परडं म्हणतो. गावाकडच्या परड्यात गोठा, उकिरडा, शेवगा आणि भावकीची चार भांडणं आरामात मावतात. आमच्या परड्यात वॉशिंग मशीनचं पाणी जातं. पण घरची अंडी खायची हौस होती. एका रविवारी मी प्लायवूडचे तुकडे आणि जाळी ठोकून खुराडं उभं केलं. ते उजवीकडच्या सरांच्या उशापासून सात फुटांवर आलंय, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही आणि सरांच्याही. कोंबड्या काय, दाणे टिपणार, दिवेलागणीला निजणार.

चौथ्या महिन्यात सुमनचा तुरा लालभडक झाला आणि शेपटीची पिसं कोयत्यासारखी वाकली. आई चहाची बशी हातात धरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ह्या सुमनचं लक्षण काय धड दिसत नाही मला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला परड्यातून आवाज आला. थंडीत कुणीतरी जुनी चेतक किक मारून सुरू करतंय असा. घर्र... घर्र... क्वक्. बंद. पुन्हा घर्र. चौथ्या किकला इंजिन लागलं आणि अख्ख्या कॉलनीला कळलं.

“सुमन आरवला,” मी म्हणालो.

“सुमन आरवली,” बायको उशीत तोंड खुपसून म्हणाली. नाव आत्याचं आहे, ते ती असं सहजासहजी सोडणार नव्हती.

“कोंबडं आरवलं,” पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली.

मराठीला तीन लिंगं का आहेत, हे मला शाळेत कधी कळलं नव्हतं. आमच्या घरात तिन्ही एकाच पहाटे कामाला आली.

उजवीकडचे सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते भांडत नाहीत, नोंद ठेवतात. आठवड्याभराने ते फाटकाशी आले, हातात दोनशे पानी वही. पट्टीने रकाने आखलेले: तारीख, वेळ, बांगांची संख्या, शेरा. “सोमवार, ४.३२, अकरा. मंगळवार, ४.२९, चौदा. बुधवारी ४.४० म्हणजे उशीर आहे, पण सतरा.” शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक दिवशी एकच शब्द होता: ‘असह्य’. गुरुवारी फक्त ‘अतिशय असह्य’.

मी ओशाळून म्हणालो, “सर, निसर्ग आहे हो.”

सरांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे सुवाच्य अक्षरात ध्वनिप्रदूषणाचे सन २००० चे नियम उतरवून घेतले होते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. “तुमच्या निसर्गाला सहानंतर आरवायला सांगा. साडेचार ही कायद्याने रात्र आहे.”

मी रात्री मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि पहाटे खुराड्यापाशी जाऊन उभा राहिलो. काटा नव्वदीच्या पुढे गेला आणि मी फोन खिशात घातला. अशा पुराव्याचा आपल्याला काय उपयोग? मागाहून वाचलं की बेल्जियममधल्या संशोधकांनी कोंबड्याच्या कानापाशीच मायक्रोफोन लावून मोजलं, तर आकडा शंभराच्या बराच वर गेला. मग तो स्वतः बहिरा कसा होत नाही? तर चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट बरीचशी आपोआप बंद होते. म्हणजे अख्ख्या कॉलनीत सुमनचा त्रास नसलेला एकच जीव होता, तो म्हणजे सुमन.

उपाय आईकडे तयार होता. “डालगं घाल त्याच्यावर, वर पोतं टाक. अंधार केला की गप बसतंय.”

इथे मी क्षणभर थांबलो. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.’ ही म्हण मी सातवीत वाक्यात उपयोग करून दोन मार्कांना लिहिली होती. पण मुळात ते कोंबडं झाकलं कुणी आणि कशाला, हे आमच्या बाईंनी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, असेल कुणीतरी खुळा, सूर्य थांबवायला निघालेला. आता कळलं. तो माणूस खुळा नव्हता, त्याला शेजारी होते. सूर्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. उगवायचंय तर उगव, पण गुपचूप, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

डालगं घातलं. वर दोन पोती, त्यावर जुनी गोधडी. पहाटे मी आणि बायको खिडकीशी कान लावून बसलो. चार पस्तीसला गोधडीच्या आतून विहिरीत पडलेल्या माणसासारखी बांग आली. सरांच्या वहीत त्या दिवशीचा शेरा ‘आवाज बदलला. सर्दी?’ असा आहे.

सगळं करून झाल्यावर वाचन करायची माझी जुनी खोड. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ सालीच सांगून ठेवलंय की कोंबड्याचं घड्याळ त्याच्या आत असतं. त्याला सतत मंद उजेडात ठेवलं, बाहेर दिवस आहे की रात्र हे कळू दिलं नाही, तरी पहाटेच्या सुमाराला तो आरवतोच. पुढे त्यातल्याच काहींनी असंही दाखवलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत आधी आरवायचा मान सगळ्यात वरच्या नराचा, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून. आमच्या घरात ही पायरी स्पष्ट होती. आधी सुमन, मग कुकर, मग मी.

पहाटेचं एकवेळ सोडा. सुमनला घंटागाडीचं गाणं सहन होत नसे. भंगारवाल्याने हाळी दिली की हा त्याला उत्तर देई. कुकरची शिट्टी म्हणजे तर उघड आव्हान. वरणभाताला तीन शिट्ट्या, सुमनच्या पाच. बायको डाळ मोजून नाही, सुमन मोजून शिजवायला लागली.

कुणीतरी सांगितलं, मान ताणल्याशिवाय कोंबड्याला आरवता येत नाही, तेव्हा खुराड्याचं छत खाली आणा. मी फळी ठोकून छत दीड वीत खाली आणलं. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी सुमनने मान वर न ताणता पुढे काढायची युक्ती शोधली, आणि पुढे सरांची खिडकी होती. ऑनलाइन गळपट्टा मिळतो, तो आवळला की आवाज दबतो म्हणे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “थोडा जास्त आवळला तर आवाज कायमचाच दबेल. बघा बाबा.” बायकोने पट्टा आणायला साफ नकार दिला. कितीही झालं तरी आत्या होती.

डावीकडचे भाऊ मात्र कधीच तक्रार करत नसत. ते भिंतीवर कोपर टेकून सुमनकडे प्रेमाने बघत आणि विचारत, “किती भरला असंल?” मी म्हणायचो, अजून लहान आहे. “बरं, दोन किलोच्या वर गेला की सांगा. मसाला आमचा.” मी त्यांना फ्रान्समधली हकिगत सांगितली. तिथे ओलेरॉन नावाच्या बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी दावा लावला होता. २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, शेजाऱ्यांनाच हजार युरो भरपाई द्यावी लागली. पुढे तिथे खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाही झाला. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “तिकडं त्यास्नी रस्सा करायला येत नसणार.”

शेवटी मी सुमनला रात्री घरात घ्यायला लागलो. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, खोक्यात, दाराच्या फटीला चादर लावून. सकाळी सात वाजता बाहेर. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हा उपाय पूर्ण यशस्वी ठरला. सरांच्या वहीत सलग नऊ दिवस शून्य आहे. जिन्याखालची खोली आमच्या बेडरूमला लागून आहे, हे वहीत येण्याचं काही कारण नव्हतं.

एव्हाना बाकीच्या तिघी अंड्यावर आल्या होत्या, आणि तिथे नवीनच प्रकरण सुरू झालं. कोंबडी अंडं घालते ते गुपचूप नव्हे. घातल्यावर बाहेर येऊन दहा-पंधरा मिनिटं जगाला सांगते. आपल्या ओळखीतही अशी माणसं असतात, पण ती अंडं देत नाहीत. मागच्या बंगल्यातल्या वहिनी घरून काम करतात. त्यांच्या मीटिंगमध्ये कुणा परदेशी साहेबाने विचारलं, मागे कुणाला काही लागलंय का? वहिनी बिचाऱ्या समजूतदार. म्हणाल्या, “भाऊजी, वेळ सांगून ठेवा ना, मी तेव्हा मीटिंग घेणार नाही.”

मी उत्साहाने वेळापत्रक करायला बसलो. पण एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांपेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो. त्यामुळे आज साडेनऊला घातलेलं उद्या साडेदहाला, परवा बाराच्या पुढे, मग एक दिवस सुट्टी, मग पुन्हा सकाळपासून. आणि तिघींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या. हे वेळापत्रक बघून वहिनी म्हणाल्या की एसटीचं बरं.

मग एकच मार्ग उरला. जगात सगळीकडे चालतो तोच. दर रविवारी सरांकडे चार अंडी, वहिनींकडे चार, भाऊंकडे चार. भाऊंना दिली नाहीत तर त्यांचं लक्ष पुन्हा सुमनकडे वळेल अशी भीती. आठवड्याला बारा अंडी बाहेर, आणि तिघींची मिळून तेरा-चौदा. घरच्या अंड्यांची हौस असलेला माणूस आठवड्यात एक अंडं खात होता. त्यात मालन खुडूक बसली. शालनची पिसं गळायला लागली, तिनेही अंडी बंद केली. पण खंडणी एकदा ठरली की पीकपाणी बघून थोडीच कमी होते. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तपकिरी अंडी आणून, त्यांना थोडा कोंडा आणि एखादं पीस चिकटवून, तीच वाटायला लागलो. सरांनी अर्धउकडं अंडं खाऊन वहीत शेरा लिहिला: ‘चव उत्तम. बाजारच्या अंड्याला ही गोडी नाही.’

अंडी विकत आणून, कोंडा लावून शेजाऱ्यांना वाटणारा मी, जिन्याखाली आत्या, आणि झोप कुणालाच नाही. एका रात्री बायको उठून बसली आणि म्हणाली, “सुमनला राधानगरीला सोडून येऊ.” तिकडे तिच्या मावसभावाचं शेत आहे, सगळ्यात जवळचं घर ओढ्यापलीकडे. डालग्यात घालून नेला. वाटेत एक शब्द बोलला नाही. शेतात सोडल्याबरोबर बांधावर चढला, मान पुढे काढली, मग बहुतेक लक्षात आलं की इथे छत नाही. हळूहळू मान वर नेली. बायको गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. आत्यांना ती कधी सोडायलासुद्धा जात नाही.

त्यानंतर पंधरा दिवस कॉलनीत इतकी शांतता होती की मला पहाटे साडेचारला जाग यायची. भाऊ भिंतीवरून बघायचे आणि न बोलता परत जायचे. मी रविवारची अंडी हळूच तीनवर आणली, कुणी काही बोललं नाही, मग दोनवर.

सोळाव्या दिवशी परड्यातून आवाज आला. घर्र... घर्र... क्वक्.

मी बॅटरी घेऊन धावलो. खुराड्यात तिघीच होत्या. मालन आणि शालन दांडीवर अंग चोरून बसल्या होत्या, आणि वरच्या दांडीवर, सुमनच्या जागेवर, कुसुम मान ताणून उभी होती. नंतर वाचलं की कोंबडा नसला की कधीकधी कोंबड्यांमधली थोरली ते काम अंगावर घेते. आईला हे वाचायची गरज नव्हती. ती दारातूनच म्हणाली, “घर कधी मोकळं राहतंय होय रे.”

सकाळी सर फाटकाशी आले. वही नवीन होती.

“परत आणलात?”

“नाही सर. सुमन राधानगरीलाच आहे.”

“मग पहाटे कोण?”

“कुसुम.”

सरांनी पेनचं टोपण काढलं, ‘कुसुम’ लिहिलं आणि पुढे थबकले. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस.

“आरवली लिहू, की आरवला?”

आत आईने कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली.