गोळी सुरू झाली म्हणजे उपचार पुरेसा झाला असं नाही

'रोज एक गोळी घेतली की थायरॉईड आटोक्यात' हे तुमच्या थायरॉईडवरच्या लेखातलं वाक्य मला अर्धवट वाटलं. माझ्या आईचं थायरॉईड कमी काम करतं. तिला थायरॉईड संप्रेरकाची (लेव्होथायरॉक्सिन) 25 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करून दिली आणि पुढे दोन वर्षं कुणी टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा; तो वाढला म्हणजे संप्रेरक कमी पडतंय) पुन्हा बघितलंच नाही. जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायची, वैशाखातही अंगावर शाल, विंचरलं की फणीत केसांचा पुंजका. विचारलं की "वयानुसार होतं" एवढंच उत्तर. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. टीएसएच 18 निघालं, म्हणजे बरंच जास्त! त्यांनी डोस वाढवलाच, पण आधी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता, आजी?" आई ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, आणि नाश्ता झाला की लगेच कॅल्शियम. दोन्हींमुळे हे औषध अंगी नीट लागत नाही. लोहाच्या गोळीचंही तेच. आता अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घेते, मग तासभर काही नाही. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, मध्ये निदान 4 तास हवेतच.

डोस बदलला की 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासायचं, हे कृपया लेखात घाला. आणि गोळी चालू असलेल्या बायकांनी दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

परवा आई शाल न घेता देवळात जाऊन आली.