जमिनीचे गाणे देश तोडते, या दाव्याला उत्तर

सांगली-साताऱ्यातल्या अनेक व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. जमिनीच्या हक्कासाठी गायली जाणारी निषेधगीते देशात फूट पाडतात, आपल्याकडे ती बाहेरून आली आणि गाण्याने कुणाला गुंठाभरही जमीन मिळालेली नाही, असे त्यात म्हटले असून दाखला ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींच्या गाण्यांचा दिला आहे.

फुटीचा आरोप त्याच दाखल्यावर तपासू. १९८८ मध्ये बारुंगा येथे पंतप्रधान बॉब हॉक यांनी मूलनिवासींशी करार करण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही, म्हणून योथू यिंडी या वाद्यवृंदाने १९९१ मध्ये ‘ट्रीटी’, म्हणजे करार, हे गाणे इंग्रजीत आणि आपल्या मूळ भाषेत मिळून गायले. ज्याला घर मोडायचे असते, तो कागद करायला बसत नाही. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात, पिंटुपी या मूलनिवासी लोकांची जमीन परत करा असे सांगणारे १९८७ चे गाणे मिडनाइट ऑइल या वाद्यवृंदाच्या गोऱ्या गायकांनी ‘सॉरी’ छापलेले कपडे घालून साऱ्या जगासमोर म्हटले. याच देशाने १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रगीतातला ‘तरुण’ हा शब्द काढून ‘एक’ असा शब्द घातला, कारण मूलनिवासींचा हजारो वर्षांचा वावर ‘तरुण’ या शब्दात मावत नव्हता.

बाहेरून आल्याचे म्हणणे तर आपल्याच मातीला न ओळखणारे आहे. १९४२ नंतर याच जिल्ह्यांत प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा गावोगाव लोक गोळा झाले ते पोवाड्यांच्या थापेवर. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले, आणि भुकेल्यांना स्वातंत्र्य पोचले नाही म्हणून १६ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत मोर्चाही त्यांनीच काढला. त्यांना देशाबाहेरचे कोण म्हणेल?

तिसऱ्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या गुरिंजी या मूलनिवासी जमातीच्या गुराख्यांनी १९६६ मध्ये वेव्ह हिल या गुरांच्या मळ्यावरचे काम सोडले आणि नऊ वर्षे नेटाने तग धरला, तेव्हा १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान व्हिटलम यांनी गुरिंजींचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या ओंजळीत माती ओतली. त्या लढ्यावरचे सर्वांत गाजलेले गाणे आले १९९१ मध्ये. जमीन माणसांनी मिळवली. ती कशी मिळवली, हे पुढच्या पिढीच्या तोंडी ठेवण्याचे काम गाण्याने केले. ते काम लहान नाही.

कोयनेच्या धरणात गेलेल्या गावांचे पुनर्वसन साठ वर्षे उलटून गेली तरी पुरते झालेले नाही. साताऱ्यात धरणग्रस्तांच्या एका ठिय्यावर, पोरे हलगी चगाळाच्या जाळावर शेकून कातडे ताणून घेत होती, तेव्हा शेजारी बसलेल्या एका आजींनी ओवी धरली. आंब्याचे खाचर, वरची पट्टी, देवाचे टेक, अशी बुडालेल्या वावरांची नावे त्या एकामागून एक घेत गेल्या. त्यांतल्या एकाचाही सातबारा आज कुठल्या तलाठ्याकडे निघत नाही.