म्हणे ‘तमस’वर बंदी आली होती!

गेले काही दिवस गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर ‘कादंबरी वाचवा’ नावाचा एक फॉरवर्ड फिरतोय. खाली नाव नाही, तारीख नाही, हात जोडलेल्या इमोजींची रांग तेवढी आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तो म्हार्दोळला माझ्या ताईकडे पोचला आणि रात्री तिचा फोन आला, ‘‘आमच्या पोराला पोलीस धरतील काय रे?’’ पोरगा म्हणजे माझा भाचा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७च्या जनमत कौलाच्या काळावरच्या एका सहाशे पानी कादंबरीवरून तो आणि त्याचे मित्र पटकथा लिहितायत. अजून कॅमेरा भाड्याने आणलेला नाही, आणि ताई त्याला ‘हे सोड, बँकेची परीक्षा दे’ म्हणून मागे लागली आहे.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. एक, मोठी कादंबरी पूर्ण दाखवता येत नसेल तर दाखवूच नये. गाळलेलं प्रत्येक पान म्हणजे इतिहासाशी बेइमानी. दोन, हक्क विकले की लेखक संपला, मग दिग्दर्शक काहीही करू शकतो. तीन, राजकीय कादंबरीवर सिनेमा आला की दंगल पेटतेच, म्हणून तर सुप्रीम कोर्टाने ‘तमस’वर बंदी घातली होती. चार, गोव्यात साहित्यावर धड सिनेमा कधी झालाच नाही. पाच, लेखक वारला की कुणालाच विचारावं लागत नाही, म्हणून ही पोरं मोकाट सुटलीत.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, ही मात्र निखालस थाप आहे.

भीष्म साहनींच्या ‘तमस’ या हिंदी कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. फाळणीच्या तोंडावरचं पंजाबातलं एक गाव, पैसे देऊन मारवलेलं डुक्कर, ते मशिदीच्या पायरीवर सापडणं आणि मग पेटत गेलेला वणवा. मालिकेने वातावरण बिघडेल म्हणून मुंबईत एक जण कोर्टात गेला. एकल न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली, हे खरं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा इथपर्यंतच वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. पुढे काय झालं? मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली. दोन्हीकडच्या माथेफिरूंनी साध्या माणसांना कसं फसवलं हेच ती दाखवते, असं म्हणून त्यांनी स्थगिती उठवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये तिथेही बंदीची मागणी फेटाळली गेली. म्हणजे फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय त्याच्या बरोबर उलट.

त्या निकालात सुप्रीम कोर्टाने नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विवियन बोस यांची १९४७ची एक कसोटी उचलून धरली. शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर आणि धीट माणसांच्या मापाने मोजायचा. प्रत्येक विरोधी मतात ज्यांना धोका दिसतो अशा डळमळीत मनांच्या मापाने नाही. ताईने हे वाक्य भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकावं अशी माझी फार इच्छा आहे. ती टाकणार नाही, मला माहीत आहे.

आता कबूल करायचं तेवढं करतो. ‘तमस’च्या वेळी मोर्चे निघाले, निहलानींना पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. त्रास झालाच नाही असं मी म्हणत नाही. पण मोर्चा निघणं वेगळं आणि ‘सिनेमामुळे दंगल पेटते, म्हणून सिनेमा काढू नका’ हे वेगळं. दुसरं मान्य केलं तर दगड उचलणाऱ्याच्या हातातच कात्री दिल्यासारखं होईल. आणि खरा धोका इथेच आहे. आजच्या फॉरवर्डमध्ये ‘काढू नका’ आहे, उद्याच्यात ‘वाचू नका’ येईल.

पहिल्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो, पण फॉरवर्डवाल्याला जे वाटतं ते नव्हे.

साधा हिशेब करा. सहाशे पानं मोठ्याने वाचायची म्हटली, पानाला दोन मिनिटं धरली, तर वीस तास. पटकथेचं एक पान साधारण पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाला एकशेवीस पानं मिळतात, त्यात संवाद, हालचाल, शांतता सगळं आलं. म्हणजे गाळावंच लागतं. ‘सिंहासन’ घ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या एक नाही, दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा १९७९चा एकच सिनेमा. कादंबऱ्यांतलं किती गेलं ते मोजत बसा. मराठी राजकारणावर बोलताना लोक आजही नाव त्याच सिनेमाचं घेतात. उलट ‘तमस’मध्ये निहलानींनी साहनींच्या दुसऱ्या कथांमधला मजकूर आणून जोडला, आणि खुद्द साहनी त्यात हरनाम सिंगची भूमिका करायला उभे राहिले. लेखकाला बेइमानी दिसली नाही, ती आपल्या फॉरवर्डवाल्याला दिसते! आणि ताई, तू तर म्हाळसेच्या देवळात लहानपणापासून नाटकं बघतेस. तीन अंकी नाटक पहाटेच्या आत संपवायचं म्हणून आपल्या गावकऱ्यांनी किती प्रवेश उडवले असतील? त्यांच्यावर कुणी इतिहासद्रोहाचा आरोप केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

अर्धं तथ्य ते हे: काय गाळलं त्यात राजकारण असतं. जनमत कौलाचंच बघा. १६ जानेवारी १९६७ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर मत दिलं. मतपत्रिकेवर फूल हे चिन्ह विलीनीकरणाचं, दोन पानं हे वेगळं राहण्याचं. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. पटकथेचा शेवट इथे केला तर फूलवाले हरले आणि मातीला मिळाले, अशी गोष्ट होते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्यात बहुमत भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच, म्हणजे विलीनीकरणवाल्या मगोलाच मिळालं आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या गोव्याने जानेवारीत विलीनीकरण नाकारलं त्याच गोव्यात मार्चमध्ये विलीनीकरणवाला पक्ष पुन्हा सत्तेवर आला. माझ्या मते ती सगळी कादंबरी या अडीच महिन्यांत आहे. भाच्याने मार्च गाळला तर मी स्वतः त्याच्याशी भांडेन. लग्नाची प्रकरणं, मुंबईच्या चाळीतले दीडशे पानांचे प्रसंग, दोन काकांच्या जमिनीचा दावा, हे सगळं खुशाल उडवावं. फॉरवर्डवाल्याने ‘मार्च ठेवणार का?’ असं विचारलं असतं तर मी त्याला चहाला बोलावलं असतं. तो विचारतो, सगळी पानं का नाहीत.

दुसरा मुद्दा लवकर आटपतो. कॉपीराइट कायदा १९५७चा, कलम ५७ वाचा. हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखक कोर्टात जाऊ शकतो. मन्नू भंडारी गेल्या होत्या, ‘आपका बंटी’वरच्या सिनेमासाठी, आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क मान्य केला. माध्यम बदललं की काही बदल होणारच, हेही त्याच निकालात आहे. लेखक संपत नाही.

चौथ्या मुद्द्यावर चिडावं की हसावं कळत नाही. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ कादंबरीवर लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी कोंकणीत ‘पलतडचो मनीस’ केला. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक, त्याने आसरा दिलेली वेडसर बाई आणि त्या दोघांवर उठलेला गाव. २००९ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. कोंकणी आहे म्हणून तो मोजायचा नसेल तर तसं लिहा, म्हणजे निदान फॉरवर्डवाल्याचं दुखणं कुठे आहे ते तरी कळेल.

राहिला पाचवा. लेखक गेला तरी त्याचा हक्क त्याच्यामागे साठ वर्षं वारसांकडे राहतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. त्यामुळे परवानगी लागते, लेखी लागते, आणि पुस्तक छापायचा करार वेगळा, सिनेमाचा वेगळा. प्रकाशकाने मान डोलावली म्हणून भागत नाही, त्याच्याकडे सिनेमाचे हक्क आहेत का हे मूळ करारात बघावं लागतं. पोरं मोकाट सुटलेली नाहीत. लेखकाच्या मुलीला भेटून आलीत, जुना करार शोधायला तिने आठवड्याची मुदत मागितली आहे, आणि त्यातल्या एकाच्या ओळखीचा पणजीतला वकील मसुदा करून देतोय. ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने विचारलं, ‘‘वकिलाला पैसे कोण देणार?’’ फॉरवर्डमधल्या पाचही मुद्द्यांपेक्षा हा प्रश्न बरा आहे, आणि त्याचं उत्तर अजून भाच्याकडे नाही.