जगज्जेता म्हणजे आदर्श पुरुष? हेगेलच्या नावावर काय खपवलं जातंय

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हेगेलसारख्या जर्मन तत्त्वज्ञाने नेपोलियनला ‘घोड्यावरचा जगदात्मा’ (जगाचा आत्मा) म्हटलं, म्हणजे जगज्जेता हाच आदर्श पुरुष, अशा माणसाला नीती-अनीती लागू होत नाही, आणि त्याच्याच तलवारीमुळे स्वातंत्र्य सगळीकडे पोहोचलं.

हेगेल भारावला होता, हे खरंच आहे. १३ ऑक्टोबर १८०६ रोजी येना या जर्मन शहरात त्याने पाहणीला निघालेल्या नेपोलियनला पाहिलं आणि मित्र नीटहामरला तसं कळवलं. पण त्याच पत्रात दुसरी धास्तीही आहे: टपालाने धाडलेली आपल्या ग्रंथाची हस्तलिखित पानं या धुमाळीत गहाळ तर होणार नाहीत? दुसऱ्या दिवशी तिथे नेपोलियन आणि प्रशियाची लढाई झाली, आणि फ्रेंच शिपायांनी हेगेलचं बिऱ्हाडही लुटलं. एका दिवसाच्या पत्रातली ओळ उचलून तिलाच त्याचं तत्त्वज्ञान ठरवणं चुकीचं आहे.

त्याचं खरं म्हणणं पुढे बर्लिनच्या व्याख्यानांत येतं. अलेक्झांडर, सीझर, नेपोलियन हे स्वतःच्या महत्त्वाकांक्षेपोटी धावतात आणि इतिहास त्यांच्याकडून आपलं काम करून घेतो. काम झालं की टरफलासारखे गळून पडतात: एक तरुणपणी मेला, दुसऱ्याचा खून झाला, तिसरा सेंट हेलेना बेटावर हद्दपार झाला. ही माणसं सुखी नव्हती, हेही तो सांगतो. यात ‘असे व्हा’ कुठे आहे?

नीतीचा मुद्दा मात्र हेगेलमध्ये सापडतो. एवढा मोठा पुरुष चालताना काही निष्पाप फुलं तुडवणारच, असं तो म्हणतो. इथे मला हेगेलही मान्य नाही. तुडवली गेली ती माणसं होती, आणि त्यांतला एक त्याचा सख्खा भाऊ होता. गेऑर्ग लुडविग हेगेल वुर्टेम्बर्ग या जर्मन संस्थानाच्या सैन्यात अधिकारी होता. १८१२ मध्ये तो नेपोलियनच्या रशियन मोहिमेत गेला आणि परतलाच नाही. त्या संस्थानातून गेलेल्या सुमारे १५ हजारांपैकी काहीशेच घरी आले. हा हिशेब ‘फुलं’ म्हणून मिटवता येत नाही.

आता स्वातंत्र्य. नेपोलियनमुळे जर्मन मुलखाच्या काही भागांत जुनी सरंजामी बंधनं सैल झाली, कायदा एकसारखा झाला; ते नाकारायचं कारण नाही. पण स्पेनला त्याने वरून दिलेली राज्यघटना टिकली नाही, आणि राज्यघटना अशी तयार करून हातात देता येत नाही, हे त्या उदाहरणावरून हेगेलनेच म्हटलं आहे.

कॅरिबियन बेटांवर तर लोकांना आधीच मिळालेलं स्वातंत्र्य त्याने परत घेतलं. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा आणली. ग्वाडेलूपमध्ये लुई देलग्रेस हा फ्रेंच सैन्यातलाच अधिकारी त्याविरुद्ध उभा राहिला. कोंडीत सापडल्यावर शरण जाण्याऐवजी त्याने आणि त्याच्या शेकडो साथीदारांनी २८ मे १८०२ रोजी मातूबा इथे दारूगोळा पेटवून मरण पत्करलं. तिथल्या लोकांची गुलामीतून सुटका झाली ती १८४८ मध्ये, नेपोलियन मरून २७ वर्षं झाल्यावर.