एप्रिलचे पत्र आणि ऑक्टोबरची दुपार

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, चाकणच्या कारखान्यांपासून हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपर्यंत, एकाच विषयाची कुजबुज चालते. ‘रेटिंग काय आलं?’, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात (अप्रेझलमध्ये) कोणती श्रेणी मिळाली, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. तो चहाच्या टपरीवर किंवा कंपनीच्या बसमध्ये विचारला जातो, आणि उत्तर देणारा बहुधा खरे सांगत नाही. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात बावीस वर्षे काढली आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे इतरांची रेटिंग भरली. त्यामुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वतीने बोलण्याचा आव मला आणता येणार नाही. मी फॉर्म भरणाऱ्यांपैकी होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कोणाला किती पगारवाढ द्यायची हे ठरवणे आणि त्याचे काम अधिक चांगले कसे होईल याविषयी त्याच्याशी बोलणे ही दोन निराळी कामे आहेत. ती एकाच फॉर्मवर, एकाच बैठकीत उरकायला गेले की पहिले काम कसेबसे होते आणि दुसरे होतच नाही.

माझ्या हाताखाली नऊ इंजिनिअर होते. कामगारांची वाढ युनियनबरोबर दर तीन वर्षांनी होणाऱ्या करारात ठरत असे, त्यामुळे अप्रेझलची कटकट फक्त स्टाफला. मी नऊ फॉर्म भरून पाठवले की आठवडाभराने ‘नॉर्मलायझेशन’ची बैठक लागत असे. भिंतीवर एक्सेलचा तक्ता उघडलेला असायचा आणि प्रत्येक विभागापुढे ए, बी, सी यांचे ठरलेले प्रमाण लिहिलेले असायचे. सी, म्हणजे सर्वांत खालची श्रेणी, किमान दहा टक्के. नऊ जणांचे दहा टक्के म्हणजे ०.९ माणूस, तो अर्थातच पूर्ण एक धरला जाई. एचआरचा तरुण अधिकारी अतिशय नम्रपणे म्हणायचा, ‘सर, तुमच्याकडून एक नाव यायचं आहे.’ नाव दिले की तक्त्यातला तांबडा चौकोन पांढरा होत असे आणि बैठक पुढच्या विभागाकडे सरकत असे.

माणसांना अशा ठरलेल्या प्रमाणात बसवणाऱ्या या बेल कर्व्हची, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राची, कीर्ती जगभर पसरली ती जनरल इलेक्ट्रिकमुळे. १९८१ ते २००१ या काळात जॅक वेल्च तिथे प्रमुख होते आणि वरचे २० टक्के, मधले ७० टक्के व तळाचे १० टक्के ही त्यांची विभागणी पुढे कितीतरी कंपन्यांनी डोळे मिटून उचलली. हजारो माणसांची उंची मोजली तर घंटेसारखा वक्र मिळतो, हे खरे आहे. परंतु लेखी परीक्षा, दोन मुलाखती आणि सहा महिन्यांचे प्रोबेशन यांतून गाळून घेतलेल्या नऊ माणसांत तो वक्र आपोआप उमटेल, असे मानायला संख्याशास्त्राचा कसलाही आधार नाही. तो उमटत नाही म्हणूनच तर बैठक बोलावून उमटवावा लागतो.

एका वर्षी मी सी साठी ज्याचे नाव दिले, त्याच्याकडे जुन्या हायड्रॉलिक प्रेसची लाइन होती. तो कामाला लागण्यापूर्वीपासूनची ती यंत्रे होती आणि पावसाळ्यात त्यांच्याखाली तेलाचे ट्रे मांडावे लागत. त्याच्या शेजारच्या इंजिनिअरकडे नवीन रोबोटिक वेल्डिंगचा विभाग होता, ज्याची देखभाल उत्पादक कंपनीच्याच करारात होती. दोघांचा केआरए, म्हणजे वर्षाचे काम मोजण्याचा निकष, मात्र एकच होता: वर्षभरातले ब्रेकडाऊनचे तास. प्रेसवाल्याचे तास १४० भरले, रोबोटवाल्याचे ३१. आकडा समोर होता, त्यामुळे मला फारसे बोलावे लागले नाही, आणि खरे सांगायचे तर मला तेच सोयीचे होते.

युद्धोत्तर जपानी उद्योगांना गुणवत्तेचे धडे देणारे एडवर्ड्स डेमिंग आपल्या शिबिरांत एक प्रयोग करून दाखवत. एका भांड्यात ४,००० मणी असत, त्यांतले ८०० तांबडे आणि बाकीचे पांढरे. श्रोत्यांपैकी काही जणांना कामगार म्हणून पुढे बोलावून ५० खळग्यांची एक फळी भांड्यात बुडवायला सांगत. तांबडा मणी म्हणजे सदोष माल. ज्याच्या फळीत तांबडे मणी कमी येत त्याची डेमिंग पाठ थोपटत, ज्याच्या फळीत जास्त येत त्याला सगळ्यांसमोर झापत आणि शेवटी वाईट कामगारांना घरी पाठवत. मणी कसे यावेत हे बुडवणाऱ्याच्या हातात मुळीच नव्हते, हे हळूहळू ध्यानात आले की सभागृहात आधी हशा पिकत असे आणि मग शांतता पसरत असे. वार्षिक गुणांकनाची पद्धत ते व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत गणत. मी या प्रयोगाविषयी एका प्रशिक्षणात ऐकले होते, चहाच्या सुट्टीत त्यावर बोललोही होतो, आणि तरीही मार्चमध्ये तांबडे मणी मोजून मोकळा झालो.

त्याहून वाईट गोष्ट पुढची आहे. सी देताना शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावे लागते आणि ‘कोटा भरायचा होता’ असे कारण तिथे लिहिता येत नाही. मी लिहिले, ‘पुढाकार घेण्यात कमी पडतो.’ समोरासमोर बोलताना त्याने विचारले, ‘सर, नेमका कुठे कमी पडलो तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी सुधारता येईल.’ प्रश्न अगदी सरळ होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी दोन जुन्या घटना ओढूनताणून त्या शेऱ्याला जोडल्या. त्याने त्या वहीत उतरवून घेतल्या. त्याचा पगार तेव्हा ४२,००० रुपये होता. बी मिळाला असता तर ८ टक्के वाढ मिळाली असती, सी मुळे ४ टक्के मिळाली. म्हणजे कंपनीने महिन्याला १,६८० रुपये वाचवले.

पुढच्या वर्षी त्याचे ब्रेकडाऊनचे तास १४० वरून ८८ वर आले. मी खूश झालो, त्याला बी दिला आणि एचआरच्या बैठकीत ‘सी मिळाल्यावर माणूस कसा जागा होतो’ याचे उदाहरण म्हणून त्याचे नावही घेतले. त्यानंतरच्या जुलैमध्ये सर्वांत मोठ्या प्रेसच्या मुख्य सिलिंडरचे सील गेले. उघडून पाहिले तर रॉडवर खोल ओरखडे होते, म्हणजे गळती कित्येक महिन्यांची होती. सिलिंडर उतरवून बाहेर दुरुस्तीला पाठवावा लागला, लाइन चार दिवस बंद राहिली आणि ग्राहकाकडे माल पोचवण्यासाठी रात्रीच्या गाड्या कराव्या लागल्या. लॉगबुक चाळले तर त्या प्रेसवर गळतीची नोंद जवळजवळ नव्हतीच. पंधरा-वीस मिनिटांचे थांबे ‘सेटिंग’ म्हणून उत्पादन विभागाच्या खात्यात टाकलेले होते. तास कमी झाले होते ते कागदावर.

त्याला दोष देण्यापूर्वी, ज्या माणसाला प्रत्येक नोंदीची किंमत पगारात मोजावी लागते तो नोंद का करील, याचा विचार मला करावा लागला. आपण माणसाला ज्या मापाने मोजतो ते माप तो सांभाळतो. यंत्र सांभाळायचे राहून गेले तरी त्याला त्याची झळ मार्चमध्ये लागत नाही.

गंमत अशी की हे सगळे जनरल इलेक्ट्रिकलाच फार पूर्वी कळून चुकले होते. तिथल्या अप्रेझलच्या बैठकींचा अभ्यास करून हर्बर्ट मेयर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी १९६५ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आपले निष्कर्ष छापले. टीकेने काम सुधारत नाही, उलट ज्या बाबीवर टीका अधिक तिथेच सुधारणा कमी होते. स्तुतीचाही फारसा परिणाम होत नाही. आणि पगाराचा विषय ज्या बैठकीत असतो त्या बैठकीत माणूस शिकायला नव्हे, स्वतःचा बचाव करायला बसलेला असतो. म्हणून ही दोन संभाषणे वेगळी करा, असा त्यांचा सल्ला होता. त्याच कंपनीने वीसेक वर्षांनी माणसांना तीन थरांत विभागून तो सल्ला गुंडाळून ठेवला. मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली.

आपल्याकडेही हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यास लार्सन अँड टुब्रोने अहमदाबादच्या आयआयएमचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना आपली मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावले होते. कामाचे मूल्यमापन, भविष्यातील क्षमतेचा अंदाज आणि कर्मचाऱ्याशी मार्गदर्शनपर बोलणे हे सगळे निरनिराळे ठेवावे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता, आणि त्यातूनच भारतात मनुष्यबळ विकास हा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तो विभाग आज प्रत्येक कंपनीत आहे. निरनिराळे ठेवण्याचे मात्र राहिले.

सरकारी नोकरीतील वाचक म्हणतील की आमच्या गोपनीय अहवालापेक्षा तुमचे बरे, निदान सी मिळाल्याचे कळते तरी. ते खरेच आहे. सीमा रस्ते विभागातील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याची पदोन्नती १९९३-९४ या वर्षातल्या ‘चांगला’ या शेऱ्यामुळे हुकली होती, कारण पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हवे होते आणि ‘चांगला’ हा शेरा त्यांना कळवण्यातच आला नव्हता. प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये दिला. अहवाल उघड झाला ही मोठीच गोष्ट आहे. तरी शेरा आणि पदोन्नती एकाच कागदाला बांधलेली आहेत तोवर, लिहिणारा वरिष्ठ वाद नको म्हणून सगळ्यांना वरचे गुण देऊन मोकळा होण्याची वाट उघडीच राहते.

मला नेहमी विचारले जाते की, मग कामचुकाराचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे, कारण वाढीचा पैसा मोजकाच असतो आणि तो कोणाला तरी कमी मिळणारच. माझे उत्तर असे की, विभागातला कामचुकार कोण हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत असते. त्याला शोधायला वक्र लागत नाही. त्याच्याशी वेळच्या वेळी, शक्य तर त्याच आठवड्यात, स्पष्ट बोलायला धीर लागतो. हा धीर नसला की वर्षभर गप्प बसून मार्चमध्ये कोट्याचा आडोसा घ्यावा लागतो, आणि त्या कोट्यात कामचुकार सापडेलच असेही नाही, कारण तो बहुधा वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर राहण्यात वाकबगार असतो.

कंपनीची पद्धत बदलणे माझ्या हातात नव्हते. शेवटच्या चार वर्षांत मी एवढेच केले की एप्रिलचे पत्र देताना कामावर प्रवचन देणे बंद केले. वाढ इतकी आहे, कोटा असा आहे, तुमचा क्रम असा लागला, हे दहा मिनिटांत सांगून टाकायचे. कोटा असतो हे सांगू नये अशी तोंडी सूचना होती, ती मी पाळली नाही. आणि ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, प्रत्येकाबरोबर एक दुपार फॉर्मशिवाय बसायचे ठरवले. त्याने सगळे प्रश्न सुटले असे मुळीच नाही. पहिल्या वर्षी दोघे-तिघे काहीच बोलले नाहीत आणि एकाने तासभर फक्त कँटीनविषयी तक्रार केली.

प्रेसवाला इंजिनिअर आला तो सील गेल्याच्या जुलैनंतरचा ऑक्टोबर होता. मी आधी त्याला सांगितले की त्या सी च्या वर्षी शेऱ्यात जे लिहिले ते मी मागाहून जुळवलेले होते, आणि कोटा नसता तर ते लिहिले नसते. त्याने त्यावर काही म्हटले नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘सर, आत्ताचं हे बोलणं कुठे लिहिलं जाणार आहे का?’ मी नाही म्हणालो. तेव्हा त्याने शर्टाच्या खिशातून तेलाचे डाग पडलेली एक छोटी डायरी काढून टेबलावर ठेवली. लॉगबुकात न गेलेला प्रत्येक थांबा, प्रत्येक गळती, कोणत्या प्रेसवर, किती मिनिटे, कोणते सील मागवले आणि स्टोअरने कधी दिले, हे सगळे दीड वर्षापासून त्यात तारखेनिशी लिहिलेले होते. मी स्टोअरच्या माणसाला फोन करून वर बोलावले आणि आम्ही पहिल्या पानापासून वाचायला घेतले.