लावणीच्या चिखलातली सही

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी संशोधन करावं की आधी अभ्यास, असा प्रश्न एका लेखात वाचला. आमच्या कुडाळकडचा अनुभव सांगते.

गेल्या पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, सर्व्हे घेऊन दोन विद्यार्थी लावणीच्या वेळीच मळ्यात आले. उंदराच्या मुताचं पाणी पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात जातं, म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी वाटतात. ती बायका का घेत नाहीत, हा त्यांचा विषय. विषय चांगलाच! उत्तर सोपं होतं: पहाटे कोऱ्या चहावर गोळी घेऊन मळ्यात उतरलं की मळमळतं, मग पुढच्या आठवड्याची गोळी फळीवरच राहते. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

पण संमतीचा कागद इंग्रजीत. सासूबाईंचा चिखलाचा अंगठा पुढे ओढलेला, शाईचं पॅड तयार. त्या म्हणाल्या, "गो, जमीन लिवन घेतंस नाय मां?" पोरगी बिचारी ओशाळली, बांधावर बसली आणि सगळं मराठीत वाचून दाखवलं. "नाय म्हटलात तरी गोळी मिळणार" हेही सांगितलं. मग अंगठा झाला. हे कॉलेजात आधी शिकवायला नको?

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना १९७९ पासून आहे, पण दोन महिन्यांची. तेवढ्यात प्रमाणपत्र होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, तेव्हा कुठे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आमच्या सर्व्हेत काय निघालं, ते मात्र अजून कोणी सांगायला आलेलं नाही. पुढची लावणी तोंडावर आलीय.