शिका, पण परिणाम होऊ देऊ नका

काल मला ना हरकत प्रमाणपत्र मिळालं. गणित-विज्ञान कसं शिकवावं हे शिकण्यासाठी मी शिक्षणशास्त्रात एम.ए. करायला शिक्षण कार्यालयाची हरकत नाही म्हणे. अर्ज मी प्रवेशाच्या आधी केला होता. मधल्या काळात मी दोन वर्षं अभ्यास केला, पेपर दिले, प्रबंधिका बांधून घेतली, पासही झाले. परवानगी आली काल. आणि पदवी परवानगीच्या आधीची निघाल्यामुळे सेवापुस्तकात तिची नोंद होणार नाही.

तेव्हा नागपुरातल्या ज्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना पुढे शिकायची खुमखुमी आली असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल.

आधी कुठे शिकायचं ते ठरवा. एम.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. दोन वर्षं बिनपगारी राहायला घरचे तयार असतील तर जरूर करा. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. मुलाला विज्ञान कसं समजतं, ते कुठे अडतं, यावर तिथे पीएच.डी. करता येते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, एका दिवसात मुंबई गाठता येते. रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावरून संस्थेच्या टेबलावर जायला त्याहून जास्त वेळ घेतो. राहता राहिलं दूरशिक्षण. नाव अगदी बरोबर आहे, सगळेच दूर असतात.

अभ्यासासाठी रजा मागू नका. मूळव्याधीसाठी मागा, लगेच मिळते.

शिक्षक कक्षात पुस्तक उघडू नका. मोबाईल उघडा, कोणी काही म्हणणार नाही. पुस्तक दिसलं की, "काऊन एवढा जीव काढून राहिल्या मॅडम, पगार वाढते का?" सुरू होतं.

आता परवानगी. अर्ज तीन प्रतींत, त्यावर मुख्याध्यापकांची शिफारस, मग सचिवांची सही, मग कार्यालय. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण 'विषय' लिहिला नव्हता. दुसऱ्यांदा परत आला, कारण विषय होता पण 'संदर्भ' नव्हता. मी पहिल्यांदाच अर्ज करतेय, संदर्भ कुठला देऊ, असं विचारलं तर बाबू म्हणाले, मागच्या परत आलेल्या अर्जाचा द्या. दिला. मग साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये होते. मग टेबल बदललं. मग निवडणूक लागली आणि कार्यालयासकट आम्ही सगळेच त्या कामाला लागलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढी तीन कामं आम्हाला ठेवली आहेत. चौथं, म्हणजे परवानगीमागे फिरणं, कायद्यात नाही, ते आपखुशीचं.

शेवटी एक हमीपत्र मागितलं. छापील नमुना होता, फक्त नाव भरायचं. त्यात वाक्य होतं: "सदर अभ्यासक्रमाचा माझ्या अध्यापनावर कोणताही परिणाम होणार नाही."

मी दोनदा वाचलं. म्हटलं, इथे 'विपरीत' शब्द राहिलाय का? बाबूंनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, वाचला आणि परत दिला. "नमुना असाच आहे मॅडम. आजपर्यंत कोणीच काही म्हटलं नाही."

मी सही केली. हो, केली. शिकवायला शिकणार आहे आणि त्याचा माझ्या शिकवण्यावर काही परिणाम होणार नाही, असं मी लिहून दिलंय. सुगरणीकडे स्वयंपाक शिकायला जा, पण घरच्या वरणाची चव बदलली तर खबरदार! आणि गंमत म्हणजे हे हमीपत्र बहुतेक जण तंतोतंत पाळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे ना? ते आम्ही कसं घेतो? मोबाईल चार्जिंगला लावून, आवाज बंद करून. व्हिडिओ संपला की पुढचा. प्रमाणपत्र निघतं, फोटो ग्रुपवर पडतो, अंगठे येतात. वर्गात मात्र सगळं जसंच्या तसं.

प्रबंधिकेचा विषय निवडताना 'परिणामकारकता' हा शब्द घाला. मी आधी अपूर्णांकातल्या चुका घेतल्या होत्या. मुलं १/२ अधिक १/३ बरोबर २/५ लिहितात, आपण लाल काट मारतो. एका पोरानं मला कारण सांगितलं. मॅडम, दोन बॉलांत एक चौका, पुढच्या तीन बॉलांत एक चौका, झाले की पाचात दोन! पोराचं क्रिकेट बरोबर होतं. ते बेरीज भलत्याच गोष्टीची करत होतं, आणि हे मला त्याच्याशी बोलल्याशिवाय कधी कळलं नसतं. मार्गदर्शक म्हणाले, चुका काय शोधता, चुका तर सगळेच करतात. तीस मुलं या गटात घ्या, तीस त्या गटात, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आकडेमोडीचं टी मूल्य, 'फरक पडत नाही' या शून्य परिकल्पनेचा त्याग. संपलं. तेवढंही जमत नसेल तर बर्डीच्या बाजारात प्रबंधिका तयार मिळते, बाइंडिंगसकट. शाळेचं नाव तेवढं बदलून देतात.

पुरे झाली थट्टा.

परिणाम झालाय. चौदा वर्षं मी सातवीला सांगत आले की दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. या अभ्यासात एका स्वाध्यायासाठी डिसेंबरात भर दुपारी गच्चीवर एक मीटरची काठी रोवली. सावली जवळपास एक मीटर पडली! नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच, २६ मेच्या सुमारास आणि जुलैच्या मध्याला. तेही बाराच्या ठोक्याला नाही, दहा ते वीस मिनिटं उशिरानं. एकदा शाळेला सुट्टी, एकदा आभाळ. म्हणून कोणी बघतच नाही.

चौदा वर्षं! त्या चौदा वर्षांत किती तपासण्या झाल्या. टाचणवही पाहिली, हजेरी पाहिली, पोषण आहाराची नोंद पाहिली. मी मुलांना काय सांगते हे एकाही साहेबानं विचारलं नाही. मला त्याची लाज वाटते. तुम्हाला वाटते का, शिक्केवाल्यांनो? मास्तर शिकायला निघाला की तुम्हाला तो कामचुकार दिसतो. आणि बर्डीतून प्रबंधिका विकत आणणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमच्यामुळेच दिसतो. तुम्ही ते हमीपत्र शब्दशः पाळलंत, म्हणून तो नमुना आजवर कोणी बदलला नाही. नोंद नाही झाली तर नाही झाली, वेतनश्रेणीसाठी मी शिकले नव्हते. पण ज्या पोरांना मी चुकीचं सांगितलं ती आता कॉलेजात आहेत, काही तर डी.एड. करताहेत. उद्या तीच वर्गात उभी राहून सांगणार, बाराला सावली नसते.

मी हमीपत्र मोडलंय. कारवाई करायची असेल तर पत्ता सेवापुस्तकात आहे, त्याची नोंद तरी केलेली आहे. येत्या डिसेंबरात सातवी ब दुपारी बाराला काठ्या घेऊन मैदानात असेल. परवानगी मागितलेली नाही.